पेंढ्यातलं औषध

शेखरने वाशिंदच्या घरात जाहीरच करून टाकलं, "यंदा गजकर्णाचा निकाल लावतो! पीएच.डी. खिशात आली असंच समजा!"

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आधी गॅसचा नंबर लावून ये."

पण शेखरच्या उड्यांना कारण होतं. मुंबईच्या एका संस्थेत नवं यंत्र आलं होतं. शेकडो अर्क एका दमात तपासायचं आणि गजकर्णाची बुरशी कशाने मरते ते सांगायचं. कॉलेजच्या पोरांना फुकट, पण वर्षातून एकदाच! यंदाचा नंबर प्रबंधाच्या गाईड सरांनी शेखरला मिळवून दिला होता. काही हाती लागलं तर प्रबंध पुढे, नाहीतर पुन्हा वर्षभर प्रयोगशाळेतल्या बाटल्या विसळायच्या.

त्याची सकूआत्या मुरबाडकडे वैशाखऱ्याला राहायची. तिच्यासोबत रान पालथं घालून त्याने पाला, साली, मुळं जमवली. पेंढ्याने जुड्या बांधल्या आणि तिच्या माळ्यावर सुकायला टाकल्या.

"सांभाळ हां आते, माझा जीव आहे त्यात!"

"तू निर्धास्त जा रे!" आत्या म्हणाली, आणि तिने शब्द पाळला. जरा जास्तच पाळला, पण ते पुढे कळलं.

जुड्या सुकल्यावर शेखरने अर्क काढले. यंत्राचीही परीक्षा व्हावी म्हणून जुड्या बांधलेल्या पेंढ्याचाही अर्क काढून त्यांत घुसवला. पेंढ्यात कसलं आलंय औषध!

निकाल आला. सरांनी फोनवर आरोळीच ठोकली, "शेखर, पहिल्या अर्काने बुरशी मेली!"

"काय सांगता सर!"

"दुसऱ्यानेही मेली! तिसऱ्यानेही! अरे, सगळ्यांनीच मेली!"

संध्याकाळपर्यंत अर्ध्या वाशिंदला पेढे पोचले. औषधाला नाव काय द्यायचं, यावरून घरात भांडणही झालं.

दुसऱ्या दिवशी सरांचा पुन्हा फोन. आवाज पार बसलेला.

"शेखर, त्यात तू पेंढा घातला होतास ना? त्यानेही मेली. सगळ्यांत जोरात!"

आता पेंढ्याने गजकर्ण बरं होत असतं, तर अख्ख्या मुरबाड तालुक्यात कुणाला खाज सुटली असती का? एसटी पकडून शेखर तडक वैशाखऱ्याला गेला.

"आते, जुड्यांना काय केलंस?"

"मी? कायपण नाय!"

"नीट आठव!"

"अरे, तांदळाला लावतो तशी बोरीक पावडर चोळली नुसती! नायतर कीड पडते ना! पेंढ्याला जरा जास्त लावली, तो बाहेरून असतो म्हून."

शेखर मटकन ओट्यावर बसला. बोरीक पावडरीने बुरशी मरते, एवढं शोधायला त्याने मुंबईचं यंत्र कामाला लावलं होतं!

"काय चुकला का रे माझा?" आत्याचा चेहरा एवढासा झाला.

शेखर म्हणाला, "नाय गो आते. मीच तुला सांगितलं नाय."

सर भला माणूस. कुणाकुणाच्या हातापाया पडून त्यांनी आणखी एक नंबर मिळवला. "आता मात्र शेवटचा हां!" म्हणाले. शेखरने नव्या जुड्या माळ्यावर टाकल्या आणि आत्याला शपथ घातली, पावडरीचा कणही लावायचा नाही! आत्याने तीही पाळली.

नंबर जवळ आला तसा शेखर जुड्या न्यायला गेला. खाली काढून बघतो तर पाल्याची नुसती चाळण! आणि किडे? चांगले बाळसं धरलेले, लेकुरवाळे!

आत्याने एक किडा चिमटीत धरून उजेडात निरखला. "शेकर, ह्यात औषध असता तर हे मेले नसते का रे?"

शेखरने सरांना फोन लावला.

"सर, निकाल आला."

"अरे, अजून यंत्रात घातलंच कुठे?"

"गरजच नाही पडली, सर!"