उजवीकडची खरखर

त्या गावात नवराबायकोचे बोलणे एकमेकांना थेट ऐकू येत नसे. ते नगरपालिकेच्या मनोऱ्यावरून स्टिरिओत येई, बायकोचे डाव्या कर्ण्यातून आणि नवऱ्याचे उजव्यातून.

आकाशात जागा कमी असल्याने प्रत्येक घराला एकच लहर मिळे. तिच्यावरून आधी दोघांच्या आवाजांची बेरीज जाई आणि तिच्या वरच्या थरातून वजाबाकी, म्हणजे बायको उणे नवरा. सोबत एक बारीक शीळ असे. ती कुणालाच ऐकू येत नसे, पण तिच्या आधाराने घरातला संच हे गणित सोडवून ज्याचा आवाज त्याच्या बाजूला लावी. शीळ काढली की फक्त बेरीज उरे, दोन्ही कर्ण्यांतून सारखीच.

गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका इंदुमती राजहंस यांचे यजमान अनंतराव जाऊन तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी शीळ काढायला निरीक्षक डोईफोडे आले.

"बाई, मी तुमचाच विद्यार्थी," मीटर जोडत ते म्हणाले. "दोनदा नापास."

"तीनदा," डाव्या कर्ण्यातून उत्तर आले.

डोईफोड्यांनी आकडे पाहिले. "बेरीज चाळीस. वजाबाकीही चाळीस. म्हणजे उजवीकडे शून्य."

"शून्य नाही. खरखर येते."

"बाजू रिकामी झाली की येतेच ती. शीळ काढली की जाईल. लोक स्वतःहून अर्ज करतात त्यासाठी."

"मी केलेला नाही."

"ती खरखर साहेबांची आहे, असं म्हणणं आहे का तुमचं? तसं लिहून द्यावं लागेल."

"नाही. त्याला पुरावा नाही. उजवीकडे काहीतरी आहे, आणि ते राहावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

"'काहीतरी' असा रकाना नाही, बाई."

इंदुमतीबाई उठल्या. त्या आपला डावा माइक सोडून अनंतरावांच्या खुर्चीत, उजव्या माइकपुढे जाऊन बसल्या.

"आमटीत मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. अनंतराव हे रोज म्हणत. बाईंना ते एकदाही पटले नव्हते.

डोईफोडे मीटरवर वाकले. "बेरीज चाळीस, वजाबाकी उणे चाळीस." त्यांनी पिशवीतून नियमावली काढली आणि बोट फिरवत वाचले. "उणे आलं तर शीळ काढता येत नाही. काढली तर ते उणे कशाच्या आधारे मोजायचं, हे संचाला कळत नाही."

"मग राहू द्या."

"राहील. पण नोंद मोजमापाप्रमाणेच होणार. उजवीकडे आवाज, डावीकडे शून्य. म्हणजे साहेब आहेत, आणि..." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बाई कधी गेल्या?"

"आज सकाळी," उजवा कर्णा म्हणाला.

"कडक होत्या. पण उगाच नापास केलं नाही कधी." त्यांनी नोंद केली, सही घेतली आणि मीटर गुंडाळला. सहीत अनंत राजहंस असे लिहिले होते. "जपून राहा, साहेब. एकट्या माणसाचे जेवणाचे हाल होतात."

दार लागले. इंदुमतीबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. उजवा कर्णा आता अगदी स्वच्छ झाला होता. खरखर डावीकडून येत होती. दुपारी जेवायची वेळ झाली. पाने वाढली आहेत, या, अशी डावीकडून हाक येईल म्हणून त्या बसून राहिल्या.