माशांची सोय

आमच्या दारावरच्या नावाच्या पाटीला मधोमध रुपयाएवढं भोक आहे. पाहुण्यांना वाटतं बेल निखळून पडलीय. ते आत बोट घालून बघतात, मग दार वाजवतात. हे भोक बोरसेकाकांनी पाडलं. ट्रायल म्हणून. मी तक्रार केली तर म्हणाले, "अहो कुलकर्णी, नाव वाचता येतं ना? मग पास!"

बोरसेकाका आमचे शेजारी. सिडकोतली आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी, तेव्हा ते शिंकले की आम्ही दचकतो. मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायला होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू नापास करण्यात उमेदीची वर्षं गेली. रिटायर झाल्यावर नापास करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी मासे पाळले असावेत असा माझ्या बायकोचा अंदाज आहे. काचेची टाकी गळायला लागली, तेव्हा पाट्या बनवणाऱ्याकडून त्यांनी जाड अ‍ॅक्रिलिकची टाकी करून घेतली. चांगली तीन फूट लांब.

काकू मात्र इथे नव्हत्या. लेकीला बाळ झालं, तिची नोकरी चालू राहावी म्हणून त्या डोंबिवलीला जाऊन राहिल्या होत्या. रविवारी एसटीडी स्वस्त, तेव्हा दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "तुम्ही पण या की इकडे!" आणि काकांचं ठरलेलं उत्तर, "माशांचं पाणी कोण बदलणार?"

मी एकदा म्हटलं, मी बदलतो. काकांनी माझी बादली उजेडात धरून पाहिली आणि नापास केली.

शेवटी तोडगा काकूंनीच काढला. डोंबिवलीत कुणाकडे तरी त्यांनी पाहिलं होतं. टाकीच्या बाजूला, वरच्या कडेजवळ भोक पाडायचं आणि नळी बसवायची. गच्चीवरच्या टाकीतून बारीक धार आत सोडून द्यायची. जादा झालेलं पाणी नळीतून मोरीत. खाणं घालायला मी होतोच. काकूंनी नळीचा जोड, रबरी वायसर, नट, सगळं कुणाच्या तरी हाती पाठवलं. "भोक पडलं की गाडीत बसा," असा निरोपही पाठवला. म्हणजे म्हातारा बायकोला आणि नातवाला भेटणार की नाही, हे आता एका भोकावर येऊन ठेपलं होतं.

आणि काका म्हणायचे, "होल एकदाच पडतं भो. घाई नको."

म्हणून ट्रायल, अ‍ॅक्रिलिकच्याच पाट्यांवर. आधी त्यांची स्वतःची पाटी, मग आमची, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची जुनी पाटी. पहिल्या दिवशी ड्रिल जोरात फिरवलं तर अ‍ॅक्रिलिक वितळून पात्याला चिकटलं, पाकासारखं. मग हाताने फिरवायचं ड्रिल आणलं. मागे लाकडाची फळी, वरून साबणाचं पाणी. पाट्यांना सुरेख भोकं पडू लागली. टाकीची पाळी आली की मात्र काही ना काही निघायचं. आज हवा दमट आहे. आज फळीला गाठ आहे. आज अमावास्या आहे.

दर रविवारी मी टाकी रिकामी करायचो, मासे बादलीत घालायचो, टाकी लोडाला टेकवून दोन्ही हातांनी धरून बसायचो. काका पेन्सिलीने गोल काढायचे, चष्मा पुसायचे, गोल खोडायचे. दुपारी पुन्हा पाणी भरायचं. नंतर नंतर तर मी दिसलो की मासे आपण होऊनच बादलीच्या बाजूला येऊन थांबायला लागले. सहा दिवस बँकेत मान मोडायची आणि सातव्या दिवशी हे. माझी पाठ कामातून गेली.

एका रविवारी मात्र मी विटलो. काकांनी गोल खोडायला हात उचलला तेवढ्यात मी त्यांच्या हातातलं ड्रिल घेतलं. "टाकी तुम्ही धरा," म्हटलं आणि फिरवायला लागलो. काकांनी टाकी घट्ट धरली. कापलेली चकती टप्पकन फळीवर पडली. तडा नाही, ओरखडा नाही. मी जोड बसवला, नट आवळला, पाणी भरलं, धार सोडली. पाणी कडेपर्यंत चढलं आणि शहाण्यासारखं नळीतून मोरीत गेलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, ते कोरडं ठक्क.

"बसा आता गाडीत," मी म्हणालो.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी उचलला. बायकोशी ते अहिराणीतच बोलत. "होल पडनं वं. पन पाणी गयी ऱ्हायनं."

गळतंय म्हणे! मी वर्तमानपत्र उचलून त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र खाली घेतलं. मग काकूंना मागून फोन करायला सांगितलं आणि ठेवून दिला.

"दिवाळीत जाऊन आलो होतो ना मी," ते म्हणाले. "दोन खोल्या. जावयाचे आईवडील तिथेच. मी गेलो तर जावई स्वैपाकघरात ओट्याखाली झोपला. चकार शब्द बोलला नाही. गुणी पोरगा. म्हणून जास्त लागतं."

"मग जमत नाही म्हणून सांगा ना काकूंना."

"सांगितलं तर ती म्हणेल, तुम्ही तिथे एकटे, मीच येते. येईल पण! तिला निमित्तच पाहिजे. आणि ती आली की पोरीची नोकरी सुटली. माशांवर घातलं की कुणालाच वाईट वाटत नाही."

"आणि तुम्हाला?"

काका बादलीतले मासे एकेक करून टाकीत सोडायला लागले. "मला काय. रविवार बरा जातो," म्हणाले.

इतके महिने मी या माणसाला चेंगट म्हणत होतो, घरी जाऊन त्याच्या नकला करत होतो.

फोन पुन्हा वाजला. काका उठेनात, म्हणून मी घेतला.

"भाऊ, तुम्ही आहात होय?" काकू म्हणाल्या. "यांचं काही खरं नसतं. तुम्ही सांगा, खरंच गळतंय का?"

वर्तमानपत्र अजून माझ्या हातात होतं.

"गळतंय काकू," मी म्हणालो. "चांगलंच गळतंय. पुढच्या रविवारी पुन्हा बसतो आम्ही."