राहिलेला उंदीर

कावळा शिवत नव्हता.

ललिताबाईंच्या दशक्रियेला नदीकाठच्या ओट्यावर निम्मं न्हावरं गाव जमलं होतं. पिंड मांडून झाला होता. शेजारी केळीच्या पानावर दहीभात, कांद्याची भजी आणि बाईंच्या आवडीची गोडी शेव ठेवली होती. समोरच्या बाभळीवर कावळेही होते. ते पिंडाकडे बघत होते, लोक त्यांच्याकडे बघत होते आणि पुढे काही घडत नव्हतं. श्रद्धांजलीची भाषणं करायला आलेले पुढारी सारखे घड्याळाकडे बघत होते, कारण त्यांना इथून यवतची दशक्रिया गाठायची होती.

"बाईंची काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "ज्याला जे वाटतं, त्यानं ते कबूल करावं."

मुलगा विक्रम हात जोडून पुढे झाला. "आई, आबांना येकटं पडू देणार न्हाई आम्ही." कावळ्यांनी ऐकून घेतलं. सून अनिता म्हणाली, "आत्या, तुमच्या म्हशी इकणार न्हाई." एक कावळा या फांदीवरून त्या फांदीवर गेला. मग सरपंच उठले आणि बाईंच्या वस्तीचा रस्ता यंदा डांबरी करण्याचं त्यांनी कबूल केलं. त्यावर सगळे कावळे उडून पलीकडच्या काठाला गेले.

"कावळ्यास्नी बी कळतंय," मागून कुणीतरी म्हणालं. बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. दुःखाच्या प्रसंगी हसू आलं की मान खाली घालणं बरं असतं.

ललिताबाईंचे यजमान सावळाराम आबा एका कडेला बसले होते. सकाळपासून ते कुणाशी बोलले नव्हते. त्यांची मेहुणी साखरबाई कासुर्डीहून आली होती. ती उठून त्यांच्याजवळ आली.

"दाजी, आक्काच्या हातात शेवटी काय व्हतं?"

आबा नदीकडे बघू लागले.

"मी सांगते. सुया व्हत्या. भुरीसाठी उंदीर इणत व्हती ती."

भुरी म्हणजे ललिताबाईंची मांजर. एका मोटारसायकलखाली तिचा मागचा पाय गेला, तेव्हापासून तिला उंदीर सापडेना. उंदीर समोरून निवांत जात आणि ती नुसती बघत राही. ते बघवेना म्हणून ललिताबाईंनी आजारपणात अंथरुणावर बसून लोकरीचा उंदीर विणायला घेतला होता. "निदान हा तरी पळणार न्हाई," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यावर आबा म्हणाले होते, "आख्ख्या मळ्यात उंदीर हायेत, आन् तू घरात नवा आणतीस व्हय?" उंदीर अर्धा झाला आणि बाई गेल्या.

"म्हणा दाजी," साखरबाई म्हणाली. "उंदीर पुरा करतो म्हणा."

आबांनी आजूबाजूला पाहिलं. चेअरमन होते, सरपंच होते, पाहुणे होते. एवढ्या लोकांत माणसानं जमिनीचं बोलावं, पोराबाळांचं बोलावं. उंदराचं कसं बोलायचं? पण कावळे पलीकडच्या काठाला होते, आणि कुठेतरी ललिताबाई अडकून बसल्या असतील हा विचार त्यांना सोसवेना.

"उंदीर पुरा करीन," आबा खालच्या आवाजात म्हणाले.

"कोण करणार? नीट सांगा," गुरुजी म्हणाले.

"मी. माझ्या हातानं."

ते बोलले मात्र, एक कावळा नदीवरून सरळ आला, ओट्यावर उतरला आणि पिंडाला चोच लावून शेवेचा तुकडा घेऊन गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढाऱ्यांनी भाषणं आटोपती घेतली. साखरबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "बघा. मला ठावंच व्हतं."

तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि आबांनी फळीवरची पिशवी खाली काढली. तिच्यात राखाडी लोकरीचा गुंडा होता, दोन सुया होत्या आणि एका सुईवर अर्धा उंदीर होता. विणकामात एक गोष्ट असते, ती आधी कुणी सांगत नाही. सुईवरचे टाके सुईच्याच आधारावर उभे असतात. आबांना हे ठाऊक नव्हतं. उंदीर कसा केलाय ते नीट पाहावं म्हणून त्यांनी सुई हळूच बाहेर काढली आणि विणलेलं हातात धरलं. तेवढ्यात गुंडा मांडीवरून घरंगळला. भुरी इतके दिवस कोपऱ्यात पडून होती, ती तीन पायांवर उठली आणि गुंडा धरून चुलीकडे निघाली.

"ए भुरे, थांब," आबा म्हणाले. मांजर थांबवायची म्हणून त्यांनी लोकर ओढली. भुरीला वाटलं, आज बऱ्याच दिवसांनी कुणीतरी खेळतंय. तिनेही ओढली. दोघांच्या ओढाओढीत आबांच्या हातातला उंदीर लहान लहान होत गेला, आणि अनिता भाकरी टाकून धावत येईपर्यंत तो राहिलाच नव्हता. खाली सगळीकडे नुसती नागमोडी लोकर पडली होती.

अनितानं ती गोळा केली. "आबा, वाफंवर धरली की सरळ व्हती लोकर. धरू का?"

"नको," आबा म्हणाले. त्या लोकरीच्या प्रत्येक वळणावर एकेक टाका होता. "वाकडी हाय तशीच राहू दे."

शिकवायला साखरबाईच होती, पण ती कासुर्डीला. म्हणून फोनवर बघून शिकायचं ठरलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून आबांनी शाळेसाठी गोठा निवडला. फोन दुधाच्या किटलीला टेकवला आणि समोर सुया घेऊन ते पाटावर बसले.

"दाजी, मला म्हशीचं तोंड दिसतंय. तुमचे हात दाखवा," साखरबाई म्हणाली. आबांनी किटली सरकवली. "हां. आता आक्काचं इणलेलं वर धरा बघू."

आबांनी लोकरीचा गुंडा वर धरला.

"हे काय? इणलेलं कुठंय?"

"उसवलं. माझ्या हातनं."

फोनमध्ये बराच वेळ कासुर्डीच्या घराचे पत्रे दिसत राहिले. साखरबाईनं फोन खाली ठेवला होता. मग तिचा चेहरा परत आला, डोळे लाल होते. "बरं," ती म्हणाली. "धरा सुई. पहिल्यापासनं टाके घालू."

साखरबाई शिकवायला चांगली होती. टाका सुटला तर ओरडायची नाही. "सुटू द्या, उचलू परत," म्हणायची. आबांचे हात कुदळीला सरावलेले. सुईही ते कुदळीसारखीच आवळून धरायचे, त्यामुळे टाके इतके घट्ट बसायचे की दुसरी सुई आत शिरायची नाही. "मोकळं सोडा दाजी, गाय बांधत न्हाई आपण," साखरबाई म्हणायची. सुलटा टाका, उलटा टाका, असं म्हणत म्हणत रांग पुरी व्हायची. पुष्कळ वेळा उसवायची, पुन्हा व्हायची.

किटली गोठ्यात अडकल्यामुळे दूध डेअरीवर उशिरा जायला लागलं आणि गोष्ट गावाला कळली. पहिल्यांदा थट्टा झाली. "आबा, आमाला बी येक मफलर टाका." "आबा, माकडटोपी जमंल का?" पण त्याच सुमारास डेअरीत सगळ्यांच्या दुधाला फॅट कमी लागू लागली. मग वस्तीचा विजेचा डीपी जळाला. मग मुक्कामी एसटी बंद झाली. आणि पारावर कुणीतरी म्हणालं, "ललिताबाईला कबूल केलेलं अजून पुरं झालं न्हाई ना."

एवढं पुरे झालं. आता लोक रामराम करायच्या ऐवजी विचारायचे, "आबा, उंदीर कुठवर आला?" आबा सांगायचे, "पोटाशी आलाय." ते ऐकून माणूस काळजीत पडायचा. सरपंच स्वतः गोठ्यात येऊन पाहून गेले. "जरा हात उचला आबा," ते म्हणाले. "रस्त्याचं काम तुमच्या उंदरापायी अडकलंय असं लोकं बोलत्यात." रस्ता का अडकला ते सरपंचांना चांगलं ठाऊक होतं. पण कारण आयतं मिळालं होतं, ते कोण सोडतो?

शेवटी एका सकाळी डेअरीसमोर बैठकच बसली. बचत गटाची धनश्री उभी राहिली. "आबा, तुमच्यानं कवा व्हायचा तो? आमच्या गटाकडं द्या. संध्याकाळपर्यंत हातात देतो, मिशांसकट."

"माझ्या हातानं म्हणालोय मी," आबा म्हणाले.

"आवो, पण गावाचा इचार करा की जरा."

"गावानं माझा करावा."

"म्हंजी आमचं दूध असंच ओतायचं का? येका मांजराच्या खेळण्यापायी?" एकजण तावातावानं पुढे आला. दुसऱ्यानं आबांच्या बगलेतल्या पिशवीला हात घातला. आबांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. ते पाहून मागे पिकअपला टेकून उभा असलेला सत्यजीत पुढे आला. दशक्रियेचं सामान त्याच्याच पिकअपमधून गेलं होतं.

"पिशवी सोडा त्यांची," सत्यजीत म्हणाला. "कावळा उंदरामुळं आलाच नव्हता. भुरीमुळं येत नव्हता."

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"ती सतरंजीत झोपली व्हती. सतरंजी तशीच उचलून मी गाडीत टाकली. तिकडं जागी झाली आन् ओट्याच्या मागं, पिंडाच्या दहीभातावर नजर ठेवून बसली. कावळ्यांना काय ठावं, तिला पळता येत न्हाई. तुमी सगळी आबांकडं बघत व्हता, तवा मी तिला उचलली आन् केबिनमधी कोंडली. की आला कावळा."

"आन् इतके दिवस बोलला न्हाईस?"

"दशक्रियेला मांजर आणली म्हणून मारलं असतं मला तुमी."

हे खरं होतं. मग एकाला एकदम आठवलं की पेंड बदलल्यापासून फॅट उतरलीय. दुसरा म्हणाला, डीपी तर दर साली जळतो. धनश्री म्हणाली, "मग सुटलात की आबा." आणि ज्याचं त्याचं दूध मोजून जो तो घरी गेला. उंदराचं पुन्हा कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी फोनवर साखरबाईला हे कळलं. तिनं हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "मीच तुमाला बोलायला लावलं, दाजी. आता ऱ्हाऊ द्या. कावळ्याचं काय बंधन न्हाई तुमच्यावर."

"मी कावळ्याला बोललोच न्हवतो," आबा म्हणाले. "पुढची रांग सांगा."

उंदराचं अंग झालं. अनितानं कापूस भरून पोट शिवून दिलं. तो उंदीर मुंगसाएवढा झाला होता आणि एका अंगाला कलत होता. मागच्या बाजूला सुईवर थोडेसेच टाके ठेवले होते, त्यांवर शेपूट विणायचं होतं. ललिताबाईंची नागमोडी लोकर शेपटाच्या सुरुवातीलाच संपली. आबा शिरूरला जाऊन तसल्याच रंगाची नवी घेऊन आले. अगदी तसली नव्हती.

त्यानंतर त्यांनी फोन करणं बंद केलं. पुष्कळ दिवस गेले तेव्हा साखरबाईच आली. तिच्या सुनेच्या बाळंतपणाची तारीख जवळ आली होती. शिरूरच्या दवाखान्यात तिला दाखवून झाल्यावर ती वाट वाकडी करून आली होती. हातातल्या पिशवीत बाळासाठी विणलेलं टोपडं होतं, टाके बंद करून, गोंडा लावून तयार. आबा ओसरीवर विणत बसले होते. उंदीर त्यांच्या पायाशी होता आणि त्याचं शेपूट ओसरीभर फिरून, खांबाला वळसा घालून पुन्हा आबांच्या हातात आलं होतं. खांबापाशी भुरी दबा धरून बसली होती. आबांनी टाका घेतला की शेपूट जरासं हलायचं, आणि ती त्यावर झडप घालायची. उंदराकडे ती ढुंकूनही बघत नव्हती.

"आवो दाजी," साखरबाई म्हणाली. "बोटभर शेपूट सांगितलं व्हतं मी."

"व्हय."

"मग बंद का न्हाई केलं?"

आबांनी रांग पुरी केली. सुया मांडीवर ठेवल्या. "चालू कसं करायचं ते शिकवलं तुमी," ते म्हणाले. "टाके बंद कसे करायचे, ते न्हाई शिकवलं."

साखरबाई खाली बसली. सुया तिने हातात घेतल्या, टाके निरखून पाहिले. भुरी शेपटाकडे टक लावून होती. साखरबाईनं हातातली पिशवी हळूच पाठीमागे सरकवली आणि सुया आबांच्या हातात परत दिल्या.

"मलाबी आठवंना बघा आता," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. इणा अजून थोडं."