लॅपटॉपची वाचा बसली

आवाजाची पट्टी त्र्याहत्तर टक्क्यांवर होती आणि आवाज शून्य.

"दुकानात नेऊ का?" नवऱ्याने विचारलं.

"काही गरज नाही! या अकरा वर्षांच्या लॅपटॉपवर लिनक्स मीच घातलंय. रसायनशास्त्राची शिस्त लावायची: एका वेळी एकच बदल आणि वहीत नोंद. दहा मिनिटांत बोलका करते!"

नऊ वाजले होते. अकराला आमच्या संचालकांचा व्हिडिओ कॉल होता. दुसऱ्या शहरातल्या नव्या प्रयोगशाळेची जबाबदारी घेणार की नाही, हे आज सांगायचंच होतं. तीन महिने मी 'विचार करते' म्हणत होते. विचार केव्हाच झाला होता. सासूबाईंना सांगायचा धीर होत नव्हता.

साउंड कार्डचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. लॅपटॉप ढिम्म! कॉन्फिगरेशनची एक ओळ बदलली. ढिम्म! मग "हॅलो, ऐकू येतंय का?" असं रेकॉर्ड करून लावलं. काहीच नाही. वहीत लिहिलं: 'मायक्रोफोनही बंद.'

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. "काय गं?"

"कुठं काय, आई?"

"मग हाक कशाला मारलीस?"

त्या गेल्या. मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्या पुन्हा दारात! "ऐकू येतंय का म्हणून काय विचारतेस? कान शाबूत आहेत माझे!"

"आईला भास होतायत," नवरा कुजबुजला. "आज तर अजिबात सांगू नकोस."

पाचव्या खेपेनंतर त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

अकराला पडद्यावर संचालक आले. ओठ हलत होते. 'आवाज बंद आहे' असा कागद मी कॅमेऱ्यापुढे धरला आणि गोड हसत नवऱ्याला म्हणाले, "बघ ना, काचेच्या पेटीतला मासा! आणि टक्कल इतकं चकचकीत, की त्यात खिडकीचे गजसुद्धा मोजता येतील."

संचालकांचे ओठ थांबले. त्यांनी डोक्यावरून हळूच हात फिरवला.

"अगं ए!" सासूबाई अबोला विसरून धावत आल्या. हातभर लांब धरलेल्या मुठीत, शेपटीला धरून उंदीर आणावा तसा, स्वयंपाकघरातला ब्लूटूथ स्पीकर. "यातला माणूस म्हणतोय, मॅडम, मला सगळं ऐकू येतंय!"

मी वही चाळली. काल, प्रयोग सातवा: 'स्वयंपाकघरातला स्पीकर जोडला. चालतो.' जोडणी तोडल्याची नोंद नव्हती, कारण मी ती तोडलीच नव्हती! लॅपटॉप सकाळपासून व्यवस्थित बोलत होता; फक्त पलीकडच्या खोलीत.

स्पीकर खाकरला. "टकलाचं नंतर बघू. तिकडची प्रयोगशाळा घेणार की नाही?"

सासूबाईंनी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिकडची म्हणजे कुठली गं?"

नवरा टेबलाखाली शिरून, जागच्या जागी असलेला चार्जर शोधू लागला.

"दुसऱ्या शहरातली, आई. तीन महिन्यांपासून विचारतायत."

"तीन महिने!" त्यांनी स्पीकर माझ्या तोंडापुढे धरला. "मग दे की उत्तर! हात भरून आला माझा."

मायक्रोफोन लॅपटॉपमध्ये होता, तरी मी वाकून त्या स्पीकरलाच सांगितलं, "घेतेय, सर. आई, मी जाणार आहे."