रुमालाखालचा पंजा

ओव्याने पोटदुखी थांबते यावर माझा लहानपणापासून विश्वास होता. आमच्या रुख्मीने तो एका महिन्यात मोडून काढला.

रुख्मी म्हणजे माझी थोरली, वय वर्षे पाच. सकाळी उठली की "बाबा, पोट दुखते." जेवायला बसली की पोट दुखते. दारावरून घुंगरांच्या बैलांची दमणी गेली की पोट दुखते. माझी विधवा बहीण मनकर्णाबाई आमच्याच घरी असते, आणि तिला जगातल्या सर्व रोगांवर एकच औषध ठाऊक. तिने पोरीला इतका ओवा चारला, की त्या वर्षी अमरावतीच्या बाजारात कापसाखालोखाल ओव्याचा भाव चढला. (कापसाचा का चढला? तर अमेरिकेत लढाई पेटली म्हणून, असे साहेबलोक सांगत. ओव्याचे कारण मी सांगितले.)

शेवटी माझ्यासारख्या जड डोक्याच्या माणसालाही कळले, की पोरीचे पोट दुखत नव्हते. तिची आई तीन महिन्यांपासून अकोटला होती. (तिचे नाव जमुना. ते मी घेत नाही. तुम्हीच लक्षात ठेवा.)

गेली होती पंधरा दिवसांसाठी. धाकट्याला कडेवर घेतले आणि रुख्मीला मागे ठेवून म्हणाली, की या घरात एक तरी बोलते माणूस असू द्या. कारण विचाराल तर कारण गादी. त्या हंगामात कापसाला असा काही भाव आला, की लोकांनी उशा उसवल्या, रजया फाडल्या, आणि वऱ्हाडातली निम्मी माणसे फळ्यांवर निजू लागली. मीही एका सकाळी घरातली गादी उसवून कापूस बाजारात नेला. ती गादी तिच्या आईने लग्नात दिलेली होती, हे घरी आल्यावर आठवले. रिकामी खोळ हातात धरून ती उभी होती. डोळे भरलेले. एवढेच म्हणाली, "तुमाले काई वाटलं का?"

वाटले होते हो. फार वाटले होते. पण मी पडलो दलाल.

आमच्या धंद्याची रीत अशी, की भाव ठरेपर्यंत तो तोंडाने बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटांनी बोलायचे. बोटे काय मोजतात, रुपये की आणे, दिवस की महिने, तेवढे मोजमाप आधी चारचौघांत मोठ्याने सांगायचे, मग रुमाल. एकदा हात दिला की सौदा पक्का. तो मोडणाऱ्याच्या शेजारी बाजारात कुत्रेही बसत नाही. आणि हे सगळे चालू असताना चेहरा कोरा ठेवायचा. वीस वर्षांत माझा चेहरा इतका कोरा झाला, की एकदा सौदा चालू असताना मला विंचू डसला, तर मी सौदा पुरा केला, रुमालाची घडी घातली, आणि मग बेशुद्ध पडलो. असल्या चेहऱ्याने मी त्या दिवशी तिच्याकडे पाहिले. तिने खोळ खाली टाकली आणि गाठोडे बांधायला घेतले.

अकोटला जाणाऱ्या गाडीवानांबरोबर मी निरोप धाडले, लुगडी धाडली, एकदा तर शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढवलेली बैलजोडीच धाडली. (बरे, जोडी नव्हती, एकच शेंबी होती. पण धाडली.) उलट निरोप एकच यायचा: "त्यायले मी पायजे असन, त थे त्यायच्या तोंडावर दिसू द्या."

आता तोंड कुठून आणू?

माझे मी निभावले असते, पण पोरीला सगळ्याच दुखण्याला पोट म्हणायची सवय लागली, हे काही मला बघवेना. म्हणून मी ठरवले, की तिला मनात काय काय होते त्याची नावे शिकवायची. एवढेच. (पुढचे सारे रामायण या 'एवढेच'मधून निघाले.)

तिला ओट्यावर समोर बसवले. म्हटले, "पाह्य माह्या तोंडाकडे, मले काय झालं थे सांग." भुवया आवळल्या, दात खाल्ले. हा राग.

रुख्मीने मान वाकडी करून पाहिले. "बाबा, झोप आली का?"

मग आनंद केला. त्यासाठी लिव्हरपूलला कापूस संपला अशी कल्पना करावी लागली.

"आता जास्त आली," रुख्मी म्हणाली.

शेवटी भीती करून दाखवायला डोळे ताणले, तर तिकडून जाताना मनकर्णाबाई म्हणाली, की खुशाल, उन्हात बसू नको, चक्कर येईन. (माझे नाव खुशालराव आहे. ठेवणाऱ्यांनी चेहरा पाहून ठेवले नसावे.)

तोंडाने जमेना, तेव्हा खांद्यावरचा रुमाल काढून तिच्या हातावर टाकला. येते ती विद्या हीच. एक बोट म्हणजे खुशी, दोन म्हणजे राग, तीन म्हणजे भेव, चार म्हणजे रडू. पोरगी दलालाची, दोन दिवसांत तरबेज झाली. मनकर्णाबाईने वेणी ओढून घातली की माझ्या रुमालाखाली दोन बोटे यायची. अंगणात वासरू उधळले की तीन. ओव्याची डबी उघडली की चार. पोटदुखी पळाली.

मग एका संध्याकाळी तिने विचारले, "अन् आई आठवली का होते, थे कोन्तं बोट?"

"रडू येते?"

"थोडं."

"मंग राग येते?"

"थोडा. अन् थे आलीच नाई त काय, म्हनून भेव बी."

"मंग खुशी त नाई न?"

तिने विचार केला. "आईचं लुगडं तोंडावर घेतलं का थोडीशी येते."

माझी चार बोटे संपली. अंगठा उरला होता. म्हटले, "मंग थे पुरा पंजा. त्याले आठवन म्हन्तेत."

तिने रुमालाखाली माझा पंजा धरला. तिच्या मुठीत माझी तीनच बोटे मावली. उरलेली दोन मी आपण होऊन आत सरकवली.

"बाबा, तुमाले बी होते का पंजा?"

मी म्हटले, मले कायले होते, मोठ्या मानसाले होत नाई. चेहरा कोरा होता. पण हात रुमालाखालीच राहिला होता, आणि तो हरामखोर आपोआप उघडला. रुख्मीने पाचही बोटे चाचपली आणि तोंडावर काही दिसू दिले नाही. अकोटच्या आजोबाची नात आहे.

पुढच्या आठवड्यात मी तिला बाजारात घेऊन गेलो. (घरी मनकर्णाबाईने ओव्याचा अर्क काढला होता.) एका कंपनीसाठी कापूस घ्यायचा होता आणि समोर वलगावचा इनायतुल्ला, वीस गाड्या घेऊन. मोजमाप मोठ्याने बोललो: कालच्या भावावर खंडीमागे जास्तीचे रुपये. रुमाल पडला. मी दोन बोटे दिली. एवढ्यात मागून कोणाच्या तरी बैलाने रुख्मीच्या मानेवर फुस्सकन श्वास सोडला. ती किंचाळली नाही. शिकवल्याप्रमाणे तिने गुपचूप रुमालाखाली हात घातला आणि भीती सांगितली. तीन बोटे.

इनायतुल्लाचा चेहराही विंचू पचवणारा. त्याने रुमाल झटकला आणि जाहीर केले, "पाच. कबूल."

तीन रुपये माझ्या अंगावर, वीस गाड्यांचे. मी तोंडातून ब्र काढला नाही, काढता येत नाही. इनायतुल्लाने मला लिंबाखाली नेले आणि विचारले, "खुशालराव, तुमचा एक हात एकदम ल्हान कसा झाला?"

मग मी सगळे सांगितले, गादीपासून ओव्यापर्यंत. इनायतुल्ला लेकुरवाळा माणूस. त्याची परवीन रुख्मीच्याच वयाची. बराच वेळ दाढी कुरवाळून तो म्हणाला, की हे वरचे तीन मी सोडतो, पण एका अटीवर. "भाभीले घेऊन या. रिकाम्या हातानं आले त पुरे पाच घेईन, अन् साऱ्या बाजाराले सांगीन का खुशालरावची दलाली त्याची पोरगी करते."

त्याच मालातला लांब धाग्याचा कापूस घेऊन मी नवी गादी भरून घेतली, दमणीत टाकली, वर रुख्मीला बसवले आणि अकोटची वाट धरली. वलगाव गेले, दर्यापूर गेले. वाटभर मी तोंडावर आठवण आणायचा सराव करत होतो. रुख्मी परीक्षा घेत होती. तीन दिवसांत मी तिच्या मते एकदा झोपलेलो, एकदा शिंक अडकलेला, आणि एकदा मेलेला दिसलो.

अकोटला सासरे नत्थुजी ओट्यावर गावच्या चौघांसह बसलेले. चाळीस वर्षे कापूस विकलेला माणूस; त्यांच्या चेहऱ्यापुढे माझा चेहरा म्हणजे तमाशा. त्यांनी गादीचा कोपरा उसवून बोटभर कापूस ओढून पाहिला, धागा मोजला, आणि ठीक आहे अशी मानही हलवली नाही. दाराआड बांगड्या वाजल्या. तीन महिन्यांनी ऐकल्या. दूध उतू जाताना फडके शोधणारा हात तसाच वाजतो. मला आत धावत जावेसे वाटले, आणि मी पाणी मागितले.

आता चारचौघांत मी कसे म्हणू की बायको द्या? आणि ते कसे म्हणणार की तीन महिने कुठे होता? नत्थुजींनी न बोलता खांद्यावरचे उपरणे काढले आणि आमच्या हातांवर टाकले. मी एक बोट दिले, म्हणजे उद्याच. त्यांनी ते मिटवले. मी दोन दिली. तीही मिटवली. तेवढ्यात दाराआड पुन्हा बांगड्या वाजल्या. रुख्मीने त्या ओळखल्या, आणि मी काही करायच्या आत तिचा हात उपरण्याखाली गेला. पुरा पंजा.

"पाच," नत्थुजी म्हणाले. उपरणे झटकले. "पाच महिने. पेरन्या झाल्या का घेऊन जा."

चौघांनी माना डोलवल्या. हात दिला होता. माझ्या पायाखालची काळी जमीन भेगाळून मी सरळ पाताळात गेलो; पण वरून पाहणाऱ्यांना मी बसलेलाच दिसत होतो. आतल्या बांगड्या थांबल्या.

रुख्मी आत पळाली. मग दाराआडून जे ऐकू आले, ते मी मरेपर्यंत ऐकत राहीन.

"पदराखाली हे काय करून राह्यली वो माय?"

"पंजा. म्हंजे आठवन. बाबानं शिकोलं. बाबाले बी हाये. पन थे त्यायच्या तोंडाले येत नाई, हातालेच येते."

 मग रुख्मीची आई उंबऱ्यात आली. डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे, आणि आवाज असा की बाजारात असती तर माझा धंदा बसला असता.

"बाबा, पाच काय ठरले?"

"महिने," नत्थुजी म्हणाले.

"रुमाल टाकाच्या आधी मोजमाप कोन बोललं?"

नत्थुजींनी चौघांकडे पाहिले. चौघांनी एकमेकांकडे पाहिले. कोणीच बोलले नव्हते.

"मंग आता मी बोलून राह्यली. पाच दिवस."

नत्थुजींच्या ओठाचा डावा कोपरा चाळीस वर्षांत पहिल्यांदा हलला. (साक्षीदार चार आहेत. त्यांतले दोन त्या धक्क्याने आजारी पडले.)

ते पाच दिवस मी सासुरवाडीत काढले. तीन महिने मी दातावर दात धरून काढले होते, पण हे पाच दिवस निघेनात. ती वीस पावलांवर असायची. माझ्या ताटात भाकरी पडायची, हात दिसायचा, तोंड दिसायचे नाही. माणूस दूर असताना आठवते ते ठीक, पण समोर भाकरी वाढत असतानाही आठवते, याला बोटे कुठून पुरवावी?

सहाव्या दिवशी गाडीवानाने दमणी जुंपली. नत्थुजींना दर्यापूरला काम होते, म्हणून तेही मागे गादीवर आडवे झाले. गाव मागे पडल्यावर, धाकट्याला मांडीवर घेऊन पुढे बसलेली ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "आता दाखवा. तीन महिने काय झालं, थे तोंडावर दाखवा."

मी होते नव्हते ते सगळे तोंडावर आणले. रिकामी खोळ, ओव्याची डबी, मुठीत मावलेली तीन बोटे, संध्याकाळी दारावरून जाणारी प्रत्येक दमणी. तिने खूप वेळ पाहिले. इतका वेळ तिने मला लग्नातही पाहिले नव्हते.

मग हळूच म्हणाली, "रुख्मे, तुह्या बाबाले झोप आली वाटते. उशी दे."

मी निमूट नत्थुजींच्या शेजारी आडवा झालो. दुपारचे ऊन, म्हणून शेला डोक्यावरून ओढून घेतला. शेल्याखाली हात आपोआप उघडला. आणि काय सांगू, थोड्याच वेळात कोणीतरी तो धरला. पाचही बोटे, घट्ट. मी डोळे मिटून घेतले. तळवा जरा खरबरीत लागला. माहेरी दळणकांडण करून काय दशा झाली बिचारीची, या विचाराने मला भरून आले. मी अर्धा कोस तो हात दाबत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चेहऱ्यावर खरोखरीचे पाणी आले, आणि तेही शेल्याखाली.

तेवढ्यात कानाजवळ जड आवाज आला.

"जवाईबापू, पाच कायचे, थे आधी बोला."