सतरा नंबरची टाकी

फोन वाजत राहिला आणि एवाझिओ त्याच्याकडे बघत राहिला. मेव्हण्याचा होता. या गाउदेन्त्सियोची खाली गावात खाणावळ होती आणि तिथली रोजची वाइन वर्षानुवर्षं एवाझिओच्याच तळघरातून जायची. यंदा मात्र त्यानं डोकं खाल्लं होतं. "दाजी, ही काय वाइन म्हणायची? भांडी विसळलेलं पाणी नुसतं! तुमचे बुधले परत घेऊन जा."

एवाझिओला आता कुणाशी भांडायचंही त्राण नव्हतं. द्राक्षं पिकवायला तो कधी कंटाळला नव्हता, पण वाइन विकायची म्हणजे जीव नकोसा होई. त्याची ग्रिन्योलिनो, म्हणजे या टेकड्यांवरची लाल वाइन, तपासणी समितीनं दोनदा नापास केली होती. शेरा एकच: फार फिक्कट, तोंड आवळते, या भागाच्या वाइनचा नमुना वाटत नाही. अहो, ग्रिन्योलिनो फिक्कटच असते! तोंड आवळतेच! त्याच्या आजोबांची वाइनही आवळायची. पण हे समितीला कोण सांगणार? आता तिसरी खेप, आणि शेवटची. यातही नापास झाली की बाटलीवर टेकड्यांचं नाव लावता येणार नाही. नाव नसेल तर हॅम्बुर्गचा व्यापारी एक बाटली उचलणार नव्हता, तसं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. मग चॅपेलमागचा उतारावरचा मळा विकायचा, एवढंच उरलं होतं.

नमुना न्यायला समितीचा माणूस दुपारी येणार होता. सकाळीच वळणावर गाउदेन्त्सियोची गाडी दिसली, तसा एवाझिओ मागच्या दारानं मळ्यात सटकला. गाउदेन्त्सियो दार बडवून, शिव्या घालून गेला. आणि तो गेल्यावर लगेच नमुनेवाला आला. दुपारचं सकाळीच उरकलेलं बरं, असं त्याला वाटलं असावं.

घरात होती फक्त जुस्तीना आत्या.

"सतरा नंबरची टाकी कुठली, बाई?" त्यानं विचारलं.

वाईट टळावं म्हणून आत्यानं चटकन नळाच्या लोखंडाला हात लावला. "शुभ बोल रे बाबा! आमच्या घरात सतरा नाही."

ते खरंच होतं. एवाझिओच्या वडिलांनी टाक्यांवर नंबर रंगवताना सोळा, सोळा-ब आणि मग एकदम अठरा असे रंगवले होते. सतरा म्हणजे अपशकुन, सतरा म्हणजे मरण. पण सरकारी कॉम्प्युटर 'ब' घेत नव्हता, म्हणून कागदावर सोळा-बची सतरा झाली होती. आणि एवाझिओची ग्रिन्योलिनो तिथंच होती.

"पण कागदावर सतरा आहे," नमुनेवाला म्हणाला.

"मग कागदातनंच काढ वाइन."

तो हुशार निघाला. म्हणाला, नंबर राहू द्या, मी दारापासून मोजतो. मोजत मोजत गेला आणि सतराव्या टाकीशी थांबला. फक्त चौथी टाकी एवाझिओनं मागच्या वर्षी भंगारात काढली होती, हे त्याला कोण सांगणार? तो थांबला अठरा नंबरपाशी. अठरामध्ये असायची घरची वाइन: उरलंसुरलं, गाळलेलं, पिळलेलं, सगळं एकत्र. त्यानं बाटल्या भरल्या, लाख लावून मोहोर केली आणि गेला.

मळ्यातून परत आल्यावर एवाझिओनं हे ऐकलं आणि मटकन पायरीवर बसला. "आत्या, अगं मेलो मी! अठरातली नेली त्यानं?"

"मोजून नेली. शिकलेला होता."

त्यानं समितीच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली, "टाकी चुकली? मोजणीत कशी चुकेल? नोंदलेल्या सगळ्या टाक्या जागेवर आहेत ना?" चौथी विकल्याचं एवाझिओनं कुठं कळवलंच नव्हतं. "आहेत, आहेत," म्हणून त्यानं फोन ठेवला. मळ्याला गिऱ्हाईक बघायचं, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं.

आणि निकाल आला. पास! समितीनं लिहिलं होतं: 'सुंदर फिक्कट रंग, तोंड आवळणारी बाणेदार चव. या टेकड्यांचा अस्सल नमुना.'

एवाझिओला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी दोनदा नापास, आणि ही टाकीतली खिचडी अस्सल? आत्या, संपलं! मी उद्यापासून बटाटे लावतो."

आत्या वाटाणे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "खिचडी कसली? ती तुझीच वाइन."

"म्हणजे?"

"दुसऱ्यांदा नापास झाली ना, तेव्हा तुझं तोंड बघवेना मला. म्हटलं, ह्या समितीला लालभडक काहीतरी हवंय. म्हणून पंप लावला आणि अदलाबदल केली. घरची सोळा-बमध्ये, तुझी अठरामध्ये. तो मेला नीट टाकीपाशी गेला असता तर तू नापासच झाला असतास."

एवाझिओला हसावं का रडावं कळेना. तो धावत तळघरात गेला. अठरा नंबरवर टकटक केली. टाकी वरपासून जवळजवळ खालपर्यंत पोकळ वाजली.

"आत्या! बाकीची कुठाय?"

"गाउदेन्त्सियोला दिली ना बुधले भरून. दर वर्षी अठरातलीच देतो आपण."

एवाझिओ खाणावळीत पोचला तेव्हा गाउदेन्त्सियो टेबलं पुसत होता. कोपऱ्यात बुधले ओळीनं उभे होते, एक सोडून सगळ्यांची बुचं शाबूत. एवाझिओचा जीव भांड्यात पडला.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "परत घेतो मी. बदल्यात दुसरी देतो."

गाउदेन्त्सियोनं फडकं खाली ठेवलं. "तुम्ही? परत घेताय? जन्मात कधी साधं बूच परत घेतलं नाहीत. काय भानगड आहे, दाजी?"

"भानगड कसली? भांडी विसळलेलं पाणी आहे ते."

"तसं अगदीच नाही हं. थंड केली तर बरी लागते."

"फिक्कट आहे!"

"उन्हाळ्यात फिक्कटच बरी. काचेआड काय रंग दिसतो!"

"तोंड आवळतं!"

"सालामीबरोबर छान जमतं. दोन पेले झाले की सोडवत नाही. मी तर म्हणतो, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी धड केलंत."

हे शब्द ऐकायला एवाझिओनं अर्धं आयुष्य घालवलं होतं. बायकोकडून नाही, समितीकडून नाही, आणि या माणसाकडून तर मुळीच अपेक्षा नव्हती. आणि आता ते आले, तर खोडून काढायचे होते.

"दोनदा नापास झालीय ती," तो कसाबसा म्हणाला. "घाण आहे. मला करताच येत नाही वाइन."

गाउदेन्त्सियोचा चेहरा पडला. "नापास झालेली मला पाजलीत? न्या, न्या! आणि बदल्यातली फुकट, वर जेवणही तुमच्याकडून."

त्यानं स्वतःच बुधले गाडीत चढवून दिले. उघडलेल्या बुधल्यापाशी मात्र थांबला आणि मान खाजवत म्हणाला, "हा एक राहू द्या, दाजी. घाण असेल, पण मला आवडलीय, काय करू?"

एवाझिओनं तो बुधला त्याच्या हातातून घेतला, खाणावळीत आत नेला आणि सांभाळून सावलीत ठेवला.