श्वास रोखा!

एक्स-रेवाल्याची नोकरी कायम करायची की नाही, हे मोठे डॉक्टर त्या दिवशी ठरवणार होते. आणि नेमके तेच सकाळी खोकत खोकत त्याच्या खोलीत हजर झाले.

"छातीचा फोटो काढा. लवकर."

एक्स-रेवाला धडपडत उठला. टेबलावर मोबाइल हळू आवाजात चालू होता, तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही. परवा हवामानाच्या बातम्या शोधताना बोट भलतीकडे पडलं आणि ओबो नावाचं वाद्य त्याच्या आयुष्यात शिरलं. तोवर शब्दांशिवाय कसलं आलंय गाणं, असं ठासून सांगणारा हा गृहस्थ. पण तीनशे वर्षांपूर्वीचं ते युरोपातलं बरोक संगीत, सनईच्या नात्यातला तो काहीसा रडवेला सूर ऐकून त्याला भूलच पडली. घोटाळा एवढाच, की वाजवणाऱ्याने सूर लांबवला की हाही नकळत दम धरून बसायचा. काल तर बायकोने पाठीत दणका घातला तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला.

डॉक्टरांना मशीनच्या पाटीला छाती टेकवून उभं करून तो काचेआड गेला. "मोठा श्वास घ्या... रोखून धरा!"

तेवढ्यात मोबाइलवर ओबोने सूर धरला.

सूर वर चढला, तिथेच रेंगाळला, संपता संपता पुन्हा वळला. अरे, हा वाजवणारा श्वास घेतो तरी कधी? एक्स-रेवाला थक्क होऊन, गाल फुगवून ऐकत राहिला. तिकडे डॉक्टरांचे कान लाल झाले, मग मान जांभळी. पण सूचना न पाळणाऱ्या पेशंटांना आयुष्यभर फैलावर घेतलेला माणूस तो. 'सोडा' ऐकल्याशिवाय श्वास कसा सोडणार?

सूर संपला. दोघांनी एकदमच भस्सकन श्वास सोडला. आपण काय करून बसलो ते एक्स-रेवाल्याच्या ध्यानात आलं. गेली नोकरी!

डॉक्टर भिंतीला धरून धापा टाकत होते. "केवढा वेळ धरला हो मी?"

"ते... सूर संपेपर्यंत, सर."

"सबंध? आणि मध्ये खोकला नाही आला! अहो, फुप्फुसं कामातून गेली या धास्तीने चार दिवस घास उतरत नव्हता मला." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुमची नोकरी पक्की समजा. दाखवा फोटो."

एक्स-रेवाल्याने मशीनकडे पाहिलं. "सर... बटण दाबायचंच राहिलं."

डॉक्टरांनी डोळे वटारले. त्याने मनातल्या मनात सामान आवरायला घेतलं.

डॉक्टर पाटीपाशी गेले आणि छाती टेकवून उभे राहिले.

"काढा परत. आणि त्या पिपाणीवाल्याला पुन्हा पहिल्यापासून लावा. बघतोच, तो जास्त टिकतो की मी!"